न चाखता

आमच्या सासूबाई जेवणाऱ्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत. त्या पानाकडे बघत. पदर खोचलेला, हातात डाव, आणि नजर समोरच्याच्या ताटातल्या बोटांवर. "तोंडाला 'वा, छान' म्हणायला लहानपणीच शिकवलेलं असतं," त्या म्हणायच्या, "ताट बिचारं अडाणी, ते खरं सांगतं." त्यांचं एक ठरलेलं शास्त्र होतं. पहिला घास भिडेचा, दुसरा खरा. दुसऱ्या घासाला हात किती लवकर वळतो यावरून त्या पदार्थाचा निकाल लावत, आणि तो निकाल चुकलेला मी तरी पाहिला नाही.

त्या परीक्षेत पहिल्याच दिवशी मी स्वतः नापास झाले होते. लग्नाची बोलणी करायला आम्ही डोंबिवलीहून सांगलीला गेलो होतो. पानात कारल्याची भाजी होती. मी पहिला घास घेऊन "किती सुरेख झालीय" असं म्हटलं आणि मग भाजी हळूच वरणाच्या आडोशाला सरकवली.  थोड्या वेळाने माझ्या पानात बटाट्याची भाजी येऊन पडली. निघताना सासूबाई माझ्या आईला म्हणाल्या, "मुलगी गोड बोलते. कारलं तिला आवडत नाही, पण चालेल. आमच्या अजयला तरी कुठे आवडतं?" माझ्या आईने ही गोष्ट पुढे सगळ्या नातेवाइकांना सांगून माझी पुरती शोभा केली.

त्यांचं नाव मालतीबाई. मी त्यांना आई म्हणायची. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी गणित शिकवलं आणि शेवटी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे क्राइस्टचर्चला आल्या, रिकार्टनच्या या घरात. इथल्या कॅंटरबरी भागातल्या थंडीत पाचवारी सुती साडीवर अजयचं जुनं फ्लीसचं जॅकेट, पायांत मोजे आणि पांढरे बूट, अशा त्या रोज सकाळी चालायला जायच्या आणि वाटेत भेटेल त्याला "किया ओरा", म्हणजे इथला नमस्कार, म्हणायच्या. तेही असं, की समोरचा माणूस वर्गात उशिरा आल्यासारखा चपापायचा. कुरियरचा मुलगा त्यांच्या हातचं काही खाल्ल्याशिवाय दारातून सुटत नसे. आमची ईशा इथेच जन्मली. तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर देते इंग्रजीत. त्या कुरियरवाल्या सामोअन पोराला मात्र 'थोडंच' हा शब्द छान म्हणता यायला लागला होता.

मी इथे एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. म्हणजे चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यातून घरात गणिताची मुख्याध्यापिका. तेव्हा आमच्यात सगळं गुळपीठ होतं असं मी म्हणणार नाही. आमचं मुख्य भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, ती म्हणजे चाखणं. आमच्या डोंबिवलीच्या घरात आमटी झाली की दोन थेंब तळहातावर घेऊन चाटायची पद्धत. आईंच्या स्वयंपाकघरात ते बंद. त्यांचा रोजचा स्वयंपाक आधी देवाला जायचा, आणि नैवेद्याचं चाखायचं नसतं. पुरणावरणाचा असो की साध्या पिठलंभाताचा, त्यांनी उभ्या जन्मात स्वयंपाक चाखून केला नाही. मीठ चिमटीने टाकायच्या आणि झाकण लावायच्या. मी चमचा तोंडाला लावला की म्हणायच्या, "मीठ हाताला कळतं, जिभेला कशाला विचारायचं? तू चाखतेस म्हणजे तुझा तुझ्या हातावर विश्वास नाही." माझा जळफळाट व्हायचा. त्यातून त्यांचं मीठ कधी चुकायचं नाही, म्हणून जास्तच.

ईशा पशुवैद्य झाली आणि दक्षिणेकडे गुरांच्या दवाखान्यात नोकरीला लागली. जेराल्डिनच्या पलीकडे एका फार्मवर तिने रात्रभर खपून एक अडलेली गाय सोडवली, आणि त्या फार्मवाल्याचा मुलगा टॉम तिला आवडला. रीतसर प्रेम, रीतसर विचारणं, सगळं झालं. अजयचा चेहरा आठवडाभर आंबट होता. आईंनी टॉमला जेवायला बोलावलं, त्याच्या पानाकडे बघितलं आणि निकाल दिला, "मुलगा चांगला आहे. वांग्याचं भरीत त्याला झेपलं नाही, पण पानात टाकलं नाही. संपवून मग पाणी प्यायला. असा माणूस संसारात टाकून जात नाही." अजयचं काही चालण्याचा प्रश्नच उरला नाही.

मग टॉमच्या आईवडिलांनी, म्हणजे ब्रूस आणि जूडी यांनी, आम्हाला फार्मवर जेवायला बोलावलं. इथून घोळाला सुरुवात झाली. आई कुठेही जाताना स्वतःचा डबा बरोबर न्यायच्या. त्यात सोवळंओवळं म्हणण्यापेक्षा 'कुणाला आपल्यामुळे त्रास नको' हीच समजूत जास्त. आपल्याकडे हे कौतुकाचं. म्हातारी माणसं किती समजूतदार, घरच्यांना वेगळं काही करायला लावत नाहीत. त्या दिवशी तर त्यांनी आम्हा सगळ्यांचाच डबा घेतला. थालीपिठं, दही, शेंगदाण्याची चटणी.

फार्मवर पोहोचलो तर टेबल मांडलेलं. ब्रूस बाहेर बार्बेक्यूपाशी उभे होते. उंच, लाल मानेचे, शब्द मोजून वापरणारे. स्वतःच्या गुरांचं मांस ते स्वतः भाजत होते. हा त्यांचा मान होता, आमच्याकडे पुरणपोळी करावी तसा. आम्ही शाकाहारी आहोत हे टॉमने सांगितलेलं होतं, म्हणून जूडीने आमच्यासाठी मुद्दाम घरच्या बटाट्यांचे फ्राइज तळले होते, मोठं भांडंभर. आणि आम्ही बसल्या बसल्या पिशवीतून स्टीलचा चार पुडांचा डबा काढला. जूडीचा चेहरा मला दिसला. तरी तिने हसून प्रत्येकाच्या ताटलीत फ्राइज वाढले. आईंनी विचारलं, तेल कुठलं? ब्रूसनी सरळ सांगितलं, तेल नाही, ड्रिपिंग, म्हणजे गुरांची चरबी, आमच्या घरी पहिल्यापासून त्यातच तळतात. आईंनी एका बोटाने ती ताटली टेबलावर पुढे सरकवली. शाळेत चुकलेलं गणित परत करावं तशी. बोलल्या काहीच नाहीत. ब्रूसनी त्या बोटाकडे बघितलं आणि मग ते जेवण संपेपर्यंत आपल्या ताटाबाहेर बघेनात.

पुढच्या आठवड्यात ईशा घरी आली ती सुजलेल्या डोळ्यांनी. लग्नाच्या आदल्या आठवड्यात दोन्ही घरांनी एकत्र जेवायचं ठरलं होतं. ब्रूसनी त्याला नकार दिला होता. लग्नाच्या सह्या करायला येऊ आणि घरी जाऊ, असं त्यांनी टॉमला सांगितलं. आणि वर म्हणाले होते, "दे वुडन्ट ईट अ चिप इन माय हाउस." इथे फ्राइजला चिप्सच म्हणतात. ईशाने ते वाक्य जसंच्या तसं आजीसमोर म्हटलं. टॉम बापाशी भांडला होता, ईशा टॉमशी भांडली होती, आणि आता तिचं म्हणणं की कुणीच नको, आम्ही दोघंच जाऊन सह्या करतो. एकुलत्या एका नातीच्या लग्नात दोन घरं एकमेकांच्या दारात उभी राहणार नाहीत, असं चित्र दिसायला लागलं.

आई रात्री जेवल्या नाहीत. सकाळी चहाच्या वेळी म्हणाल्या, "ताटली मी सरकवली. बोट माझं होतं. तेव्हा निस्तरायचंही मीच. व्याह्यांना जेवायला बोलवायचं, त्यांना आवडतं ते करायचं, आणि ते मी करायचं." अजयला वाटलं, आई पनीरचं काही म्हणतेय. त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं, स्टेक आणि फ्राइज. अजयने कप खाली ठेवला. म्हणाला, आई, ते गाईगुरांचं मांस असतं. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे, मी गणित शिकवलं म्हणजे डोळे मिटून शिकवलं नाही, आणि तू ऑफिसच्या पार्ट्यांत काय खातोस तेही मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. आम्ही इतकी वर्षं गाडीत खिडक्या उघडून, बडीशेप चघळून घरी यायचो. अजयने शेवटचा उपाय म्हणून सगळं बाहेरून मागवू असं सुचवलं. "व्याहीभोजन बाहेरून?" आई म्हणाल्या. "म्हणजे परत डबेच."

मला राहवलं नाही. मी विचारलं, पण आई, तुमचा देवधर्म, त्याचं काय? त्यावर त्या जे बोलल्या ते मी विसरणार नाही. "मी खाणार नाही. मला ते चालत नाही, मरेपर्यंत चालणार नाही. पण माझ्या न खाण्याने दुसऱ्याच्या ताटाचा अपमान होत असेल, तर ते व्रत नव्हे, तो माज झाला." मला त्यांचा किती अभिमान वाटला ते मी त्यांना सांगितलं नाही. सासूला असं तोंडावर सांगायची आमच्यात पद्धत नाही. नुसता चहा ओतला त्यांच्या कपात.

त्यांनी दोन अटी घातल्या. मांस घराच्या आत येणार नाही. बार्बेक्यू मागच्या डेकवर, म्हणजे उघड्या लाकडी ओट्यावर; चिमटे आणि ताटल्या नव्या आणि वेगळ्या. दुसरं म्हणजे फ्राइज मात्र स्वच्छ तेलात, आपल्या स्वयंपाकघरात. "टेबलावर एक तरी पदार्थ असा हवा, ज्यात सगळ्यांचे हात जातील," त्या म्हणाल्या. बटाट्याची मला काळजी नव्हती. उपासाला बटाट्याच्या सळ्या तळण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. अ‍ॅग्रिया जातीचे पिवळे बटाटे आणले, बोटाएवढे कापले, गार पाण्यात बुडवून त्यांची खळ काढली, पंचावर पसरून खडखडीत कोरडे केले. मग मंद तेलात एकदा, गार करून कडक तेलात दुसऱ्यांदा. पहिल्या दिवशीच असे झाले की अजयने उभ्या उभ्या अर्धे संपवले.

खरी परीक्षा बाहेर डेकवर होती. सराव टॉमवर करायचा ठरला. शनिवारी तो फार्मवरून यायचा, घरी बापाला काही सांगायचं नाही ही शपथ घेतलेली. पहिल्या शनिवारचा स्टेक म्हणजे जँडलचा, म्हणजे इथल्या रबरी चपलेचा, तळ झाला. टॉम सुरीने कापत बसला आणि "गुड, आजी, व्हेरी गुड" म्हणत राहिला. आई त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. दुसरा घास यायला वेळ लागला, तेवढं त्यांना पुरे होतं. त्यांनी ताटली उचलली आणि त्याला उलटतपासणीला घेतलं. जाळ किती? उलटायचं कधी? कितीदा? टॉम म्हणाला, सारखं हलवायचं नाही, एकदाच उलटायचं, वर रसाचे थेंब दिसायला लागले की. आईंचा चेहरा उजळला. "म्हणजे धिरडं," त्या म्हणाल्या. "वर जाळी पडल्याशिवाय हात लावायचा नाही. मग असं सांग ना."

हे सगळं हसत हसत झालं असं कुणी समजू नये. पहिल्या दिवशी तो वास अंगावर आला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं होतं. चिमटा सोडला नाही, पण टॉम गेल्यावर अंघोळ करून त्या देवापाशी बसल्या आणि त्या दिवशी अन्नाला शिवल्या नाहीत. मी विचारलं, देवाला काय सांगितलंत? म्हणाल्या, "सांगितलं, पाहुणा होता."  इतकं कुणासाठी? ज्या ब्रूसशी त्यांचं धड चार वाक्यं बोलणं झालं नव्हतं त्यांच्यासाठी. दर शनिवारी त्या थोडं थोडं शिकत गेल्या. मांस कागदाने टिपून कोरडं करायचं, मीठ आधी लावून ठेवायचं, जाळ आधी कडकडीत, आणि उतरवल्यावर लगेच कापायचं नाही, झाकून थोडा दम द्यायचा. मिठाचं टॉमला फार नवल वाटायचं. एकदा त्याने विचारलं, चव घेतल्याशिवाय कसं जमतं? आईंनी त्याला त्यांच्या पुस्तकी इंग्रजीत सांगितलं की देवाला आयुष्यभर न चाखता वाढलं, त्याची कधी तक्रार आली नाही. शेवटच्या शनिवारी टॉमचा दुसरा घास पहिल्याच्या पाठोपाठ गेला, तिसरा त्याच्या पाठोपाठ, आणि "गुड" म्हणायचं तो विसरला. आई म्हणाल्या, "आता बोलवा."

फोन त्यांनी स्वतः केला. मी शेजारी उभी होते. आपली चूक झाली असं एका वाक्यात सांगितलं, आढेवेढे नाहीत. मग रविवारी यायला सांगितलं. पलीकडून ब्रूस नको म्हणत असणार, कारण आईंनी त्यांना सांगितलं की आमच्यात मुलाचे आईवडील मुलीच्या घरी जेवल्याशिवाय मुलीची आजी गोड खात नाही. ही चाल मी सांगलीत, डोंबिवलीत, कुठेच ऐकलेली नाही. फोन ठेवल्यावर मी त्यांच्याकडे बघितलं. "चाली काय आभाळातून पडतात? कुणीतरी सुरू करावीच लागते," त्या म्हणाल्या आणि त्या दिवसापासून चहातली साखर त्यांनी खरोखर बंद केली.

रविवारी दुपारी दोघं आले. ब्रूस इस्त्रीच्या शर्टात, जूडीच्या हातात फुलं. इथे कुणाकडे जाताना एक पदार्थ करून न्यायची रीत आहे, आणि जूडी तर उत्तम स्वयंपाक करणारी. तिने फक्त फुलं आणली होती. तुमच्या घरात आमचं काही चालायचं नाही, हे त्यात न बोलता आलं. अजय हवापाण्याबद्दल बोलत होता, ब्रूस प्रत्येक गोष्टीला इथलं 'झकास', म्हणजे "स्वीट अ‍ॅज" म्हणत होते. आई आधीच मला म्हणाल्या होत्या, ते तोंडाचं, त्यावर जाऊ नकोस.

मग आम्ही त्यांना मागच्या डेकवर नेलं. साडीवर फ्लीसचं जॅकेट, पदर कमरेला खोचलेला, हातात लांब चिमटा, समोर कडकडीत तापलेला बार्बेक्यू आणि त्यावर स्कॉच फिलेचे जाड तुकडे. ब्रूस दारातच थांबले. इथल्या पुरुषाचा हात बार्बेक्यू दिसला की आपोआप पुढे होतो, तसे तेही पुढे झाले, चिमटा मागायला. आईंनी मान वर न करता म्हटलं, "सिट." आणि ब्रूस बसले. मला शाळेतल्या त्या सगळ्या मुलींची आठवण झाली.

रसाचे थेंब वर आले तेव्हा त्यांनी एकदाच उलटलं. उतरवलं, झाकलं. तोवर आत जाऊन फ्राइज दुसऱ्यांदा तळले, मीठ भुरभुरलं आणि मोठं भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं. मग ब्रूस आणि जूडीच्या ताटात स्टेक वाढले आणि नेहमीसारख्या मागे उभ्या राहिल्या. ब्रूसनी तुकडा कापला. आतून गुलाबी. तोंडात घातला.  ईशाने टेबलाखाली माझा हात धरला होता. मी ब्रूसच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्यावर काहीच उमटत नव्हतं. आई त्यांच्या सुरीकडे बघत होत्या. पहिला घास अजून गिळून व्हायचा होता, तोच सुरी दुसऱ्या तुकड्यावर टेकली. मागून मला अगदी हळू ऐकू आलं, "झालं."

अर्धा स्टेक संपल्यावर ब्रूस अजयला म्हणाले, मीठ अगदी नेमकं आहे, कुणी लावलं? अजयने आईकडे बोट केलं. ब्रूसनी विचारलं, त्यांनी चव घेतली का? तेव्हा ईशा बोलली. तिने सांगितलं की आजीने हे कधी तोंडाला लावलेलं नाही आणि लावणारही नाही. आमच्या घरी देवासाठी जे शिजवतात ते चाखत नाहीत, कारण पहिला घास त्याचा. आजीने आयुष्यभर तसाच स्वयंपाक केला, आणि तुमच्यासाठीही तसाच केला. ब्रूसनी सुरी खाली ठेवली.  जूडीने डोळे पुसले.

मग ब्रूस उठले. टेबलाच्या मधलं फ्राइजचं भांडं उचललं, वळसा घालून आईंपाशी आले आणि त्यांना बसायला एक खुर्ची मागे ओढली. पाहुणे जेवल्याशिवाय आई बसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी बसल्या. ब्रूसनी स्वतःच्या हाताने त्यांच्या ताटलीत फ्राइज वाढले आणि बाजूला उभे राहिले. आईंनी एक उचलून खाल्ला, लगेच दुसरा घेतला. आणि मी बघितलं, ब्रूस त्यांच्या बोटांकडे बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आईंच्या पानाकडे बघत होतं.

"त्या दिवशी आम्ही तेलात तळायला हवे होते," ब्रूस म्हणाले. "विचारायचं सुचलं नाही."

आई म्हणाल्या, "तुमच्या घरी तुमची रीत. मी तोंडाने नको म्हणायचं होतं, बोट लावायचं नव्हतं." ईशाने त्याचं इंग्रजी केलं. ब्रूसनी मान हलवली आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून त्याच ताटलीतला एक फ्राय उचलला. जूडीने जेवण झाल्यावर मला विचारलं, ते तेल कुठलं? मी सांगितलं. त्या संध्याकाळी आईंनी दोन चमचे साखरेचा चहा घेतला.

लग्न झालं, झोकात झालं. त्यानंतर गुरांच्या बाजारासाठी या बाजूला आले की ब्रूस आमच्याकडे जेवूनच जायचे. तेव्हा मात्र आमटीभात, पोळीभाजी, कधी सोबत फ्राइज. स्टेक आईंनी पुन्हा केला नाही. "ते व्याहीभोजन होतं, खानावळ नव्हे," त्या म्हणाल्या, आणि ब्रूसना ते पटलं. त्या त्यांना ब्रूसराव म्हणायच्या, ते त्यांना आजी. दोघांना एकमेकांची भाषा पुरती येत नव्हती, पण तासभर डेकवर बसून ते पावसापाण्याबद्दल आणि गुरांबद्दल काहीबाही बोलत असायचे. आईंना एकेका वासराची खबर असायची. डबा घेऊन जाणं त्यांनी फार्मपुरतं सोडून दिलं. जूडीने तिकडे आईंसाठी एक वेगळं पातेलं ठेवलं होतं, त्याला कुणी हात लावत नसे.

मागच्या हिवाळ्यात आई गेल्या. दोन दिवस दवाखान्यात होत्या. शेवटच्या संध्याकाळी मी त्यांना चमच्याने मऊ भात भरवत होते. एक घास घेतला, आणि दुसऱ्याला त्यांनी मान फिरवली. मग माझ्याकडे बघून हसल्या. दोघींनाही कळलं. मी वाटी बाजूला ठेवली.

तेराव्याला त्यांच्या आवडीचं पान वाढायचं होतं. जूडीने फोन करून विचारलं, आम्ही काही करून आणलं तर चालेल का? मी म्हटलं, चालेल म्हणजे काय, आणाच. सकाळी ब्रूस आले ते फार्मवरच्या बटाट्यांची पिशवी, तेलाची न उघडलेली बाटली आणि दुकानाचं लेबल अजून चिकटलेली नवी कढई घेऊन. डेकवर गॅस लावून त्यांनी स्वतः तळायला घेतलं. बटाटे भिजवून, पुसून, आधी मंद, मग कडक. ते सगळं त्यांनी नंतरच्या फेऱ्यांत आईंच्या शेजारी उभं राहून पाहिलेलं होतं. पहिला घाणा निथळला, त्यांनी चिमटीने मीठ टाकलं, आणि टॉमने सवयीने एक उचलायला हात पुढे केला.

ब्रूसनी त्याच्या हातावर चापट मारली.

"चाखायचं नाही," ते म्हणाले. "आधी त्यांचं."

पहिले फ्राइज त्यांनीच आईंच्या पानावर वाढले, पुरणाच्या शेजारी, आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले. पान दाखवून झालं, हात जोडून झाले, मग आम्ही सगळे जेवायला बसलो. मी एक फ्राय खाल्ला, आणि लगेच दुसरा घेतला. मीठ अगदी बरोबर होतं.